बीजिंग–शीआन–लुओयांग: दहा रात्रींच्या चीन सहलीचा हिशेब

स्थळांना पाचपैकी पाच, वेळापत्रकाला अडीच, जेवणाला तीन. दुकानांच्या थांब्यांना शून्य द्यायचं की उणे, एवढंच ठरायचं आहे.

चीनचा पर्यटक व्हिसा भारतीयांना पुन्हा मिळू लागला आणि तालुक्याच्या गावांतल्या ट्रॅव्हल्सच्या दुकानांत चारधाम, काश्मीर, थायलंडच्या शेजारी चीनचं पत्रकही लागलं. एजंट वेगळे असले तरी आतला साचा बहुतेक एकच असतो: बीजिंग ४ रात्री, शीआन ३, लुओयांग १, शांघाय २. हे परीक्षण त्या साच्याचं आहे, कोणा एका एजंटचं नाही.

सुरुवात लुओयांगपासून. साच्यात सगळ्यात कमी वेळ मिळतो तो याच गावाला, आणि विदर्भातल्या माणसाने सगळ्यात जास्त वेळ द्यावा असं गावही हेच. पत्रकावर ‘बौद्ध तीर्थे’ असं ठळक छापलेलं असतं. दरवर्षी दीक्षाभूमीला जाणारी घरं ते वाचूनच पैसे भरतात. प्रत्यक्षात दुपारच्या गाडीने लुओयांगला उतरवतात, तीन वाजता लाँगमेनच्या लेण्यांवर नेतात, दुसऱ्या दिवशी सकाळी पांढरा घोडा मंदिर तासाभरात उरकतात आणि पुन्हा स्टेशन.

पांढरा घोडा मंदिराला, म्हणजे बायमा स ला, एक तास म्हणजे थट्टाच आहे. परंपरेनुसार हे मंदिर इ.स. ६८ चं, चीनमधलं पहिलं बौद्ध मंदिर. काश्यप मातंग आणि धर्मरत्न हे दोन भिक्षू भारतातून पांढऱ्या घोड्यावर ग्रंथ लादून आले, म्हणून हे नाव. दारातल्या दगडी घोड्यांपाशी फोटोसाठी झुंबड असते. तिथे थांबू नका, आत शिरा. अंगणाच्या दोन बाजूंना या दोन भिक्षूंच्या समाध्या आहेत: दगडाचं गोल कडं, वर मातीचा उंचवटा, त्यावर हिरवळ. पाटी चिनीत असल्याने गट सरळ पुढे जातो आणि ज्यांच्यामुळे हे सगळं उभं राहिलं तेच बघायचे राहतात.

दुसरी हुकणारी गोष्ट मंदिराच्या पश्चिम अंगाला आहे. तिथे भारत सरकारने बांधून दिलेलं भारतीय पद्धतीचं विहार आहे, घुमट सांचीच्या स्तूपावरून घेतलेला. मे २०१० मध्ये त्याचं उद्घाटन तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी केलं, म्हणजे आपल्या अमरावतीशी नातं आहेच. जवळच थायलंड आणि म्यानमार शैलीची मंदिरंही आहेत. मुख्य मंदिर, समाध्या, हा भाग आणि पूर्वेकडचा छीयुन मनोरा मिळून अडीच-तीन तास हवेत. तिकीट ३५ युआनचं आहे. युआनला साधारण १२ ते १३ रुपये धरा.

चिनी मंदिरात आपल्या माणसाची दोन ठिकाणी गडबड होते. पहिली चपलांची. दारात चपला काढायची जागा शोधत बसू नका, तिथे पायताण घालूनच आत जातात. मात्र उंबरठा चांगला गुडघ्याच्या खालपर्यंत उंच असतो, त्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडायचा. आजीबाईंचा हात धरा, कारण साडीचा काठ नेमका तिथेच अडकतो. दुसरी गडबड मूर्तीची. पहिल्या दालनात पोट सुटलेली, हसरी मूर्ती असते. ती बघून ‘हा लाफिंग बुद्ध’ म्हणून लोक फोटो काढून परततात. तो शाक्यमुनी नव्हेच. तो भावी बुद्ध मैत्रेय, तोही एका हसऱ्या चिनी भिक्षूच्या रूपातला. दोन्ही बाजूंचे रागीट चेहऱ्याचे चौघे म्हणजे चार दिशांचे राजे. शाक्यमुनी बुद्ध सहसा त्यामागच्या मोठ्या दालनात असतात. मागे आणखी एखादं दालन असलं आणि तिथे स्त्रीरूपातली शांत मूर्ती दिसली तर ती ग्वानयिन, म्हणजे आपला अवलोकितेश्वर. एवढं डोक्यात ठेवलं तर चीनमधलं कुठलंही बौद्ध मंदिर गाईडशिवाय वाचता येतं. दालनात मूर्तीचा फोटो बहुतेक ठिकाणी मना आहे, अंगणातून चालतो. गटाने मोठ्याने बुद्धवंदना म्हणायची असेल तर आधी तिथल्या भिक्षूंना विचारून घ्या. हातात मोबाइल धरून घोषणा मात्र नको.

लाँगमेनचं दुखणं वेगळं आहे, ते उजेडाचं. यी नदीच्या दोन काठांवर दोन डोंगर आहेत आणि मुख्य लेणी पश्चिमेच्या डोंगरात कोरलेली आहेत, म्हणजे त्यांचं तोंड पूर्वेला. सकाळचं ऊन थेट मूर्तींच्या चेहऱ्यावर पडतं. दुपारी तीनला पोचलेल्या गटाला १७ मीटर उंचीचा वैरोचन बुद्ध सावलीत दिसतो, आणि मग ‘फोटो काळे आले’ ही तक्रार. उपाय सोपा आहे. लुओयांगला दोन रात्री मागा आणि सकाळी दार उघडताच लेण्यांवर जा. तिकीट ९० युआन, त्यात दोन्ही डोंगर येतात. आधी पश्चिम काठ, मग पूल ओलांडून पूर्व काठ, कारण अख्ख्या डोंगराची चाळण झालेली समोरूनच कळते. चालणं चार-पाच किलोमीटरचं आहे, त्यात वैरोचनापर्यंतचा चढ पायऱ्यांचा.

अजिंठा बघितलेल्याने एक गोष्ट मनाशी धरून जावं. अजिंठ्याला आपण लेणीत शिरतो, खांबांतून फिरतो. लाँगमेनला बहुतेक कोनाडे बाहेरूनच बघायचे, कठड्याच्या अलीकडून. लहान-मोठे मिळून २,३०० च्या वर कोनाडे आणि गुहा, लाखभर मूर्ती. दगडही वेगळा आहे: आपल्याकडे काळा बेसाल्ट, तिकडे चुनखडी, ज्यात बारीक काम निघतं. ते बारीक काम बघायचं तर वानफो गुहेसमोर पाच मिनिटं थांबा. भिंतभर सुमारे १५,००० बुद्ध आहेत, एकेक बोटाच्या दोन पेरांएवढा, आणि प्रत्येकाला आसन आहे. गुहा इ.स. ६८० ची. जवळपास औषधांची गुहाही आहे, दारालगतच्या दगडावर सुमारे १४० नुस्खे कोरलेले. अनेक मूर्तींना डोकी नाहीत. काही धर्मविरोधी लाटांत फुटली, बरीच विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चोरांनी कापून परदेशी विकली. बिनयांग गुहेतला राजा-राणीच्या मिरवणुकीचा कोरीव पट तर आज अमेरिकेतल्या दोन संग्रहालयांत आहे.

लुओयांगची जादा रात्र शांघायमधून काढून घ्या. शांघायच्या दोन रात्रींत उंच इमारती आणि नदीवरचे दिवे यापलीकडे काही नसतं, ते एका रात्रीत होतं. काही पत्रकांत लुओयांगहून शाओलिन जोडतात. इ.स. ४९५ मध्ये बातुओ या भारतीय भिक्षूसाठी बांधलेलं हे मंदिर खरं, पण आता तिथे कुंगफूचे खेळ आणि गर्दी. मागच्या बाजूची भिक्षूंच्या विटांच्या समाध्यांची राई मात्र उत्तम. मुलं बरोबर असतील तर जा, नाहीतर तो दिवस लाँगमेनला द्या.

आता बीजिंग. राजवाडा, म्हणजे निषिद्ध नगरी, आणि चीनची भिंत सगळ्यांना माहीत असतात, म्हणून चार रात्री त्यांच्याभोवतीच फिरतात. स्वर्गमंदिर, तिआनतान, जाता जाता दाखवतात. शेतकरी घरातून जाणाऱ्यासाठी बीजिंगमधली पहिली जागा हीच असायला हवी. इथे चीनचा सम्राट वर्षाच्या सुरुवातीला चांगल्या पिकासाठी प्रार्थना करायचा. अक्षय्य तृतीयेला भेंडवळच्या घटमांडणीकडे कान लावून बसणाऱ्याला या इमारतीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

पिकांच्या प्रार्थनेचं गोल दालन ३८ मीटर उंच आहे, तीन छपरांचं, निळ्या कौलांचं, सगळं लाकडी. आत २८ खांब: मधले ४ ऋतूंचे, त्याभोवती १२ महिन्यांचे, बाहेरचे १२ दिवसाच्या प्रहरांचे, कारण चिनी दिवसाचे भाग बारा. मूळ बांधकाम १४२० च्या सुमाराचं. १८८९ मध्ये वीज पडून दालन जळालं आणि पुन्हा तसंच उभं केलं. आत पाय ठेवता येत नाही, दारातूनच बघायचं. म्हणून दुर्बीण किंवा मोबाइलचा झूम आणि छत बघायला दोन मिनिटं मान वर. दक्षिण टोकाला उघडी तीन टप्प्यांची गोल वेदी आहे. वरच्या टप्प्यावर मधल्या गोल दगडाभोवती ९ फरशा, पुढच्या कड्यात १८, मग २७, असं करत नवव्या कड्यात ८१. मुलांना मोजायला लावा. इथे नेहमीची चूक तिकिटाची होते. बागेचं तिकीट वेगळं आणि दालन-वेदीसह एकत्रित तिकीट वेगळं, हंगामात ३४ युआन. काही एजंट बागेचंच काढतात, आणि दालनाच्या फाटकावर गट अडतो. पत्रकात ‘स्वर्गमंदिर, एकत्रित तिकीट’ असं लिहून घ्या.

निषिद्ध नगरीचं तिकीट खिडकीवर मिळत नाही. आधी ऑनलाइन, सात दिवसांच्या आत, पासपोर्ट क्रमांकावर. एप्रिल ते ऑक्टोबर ६० युआन, बाकी महिने ४०. सोमवारी बंद. एजंटने पासपोर्टचा एक आकडा चुकवला की तुम्ही दक्षिणेच्या दाराबाहेर आणि बाकी गट आत, असं होतं. बुकिंगनंतर पासपोर्ट नवा काढला तरी तेच. तिकिटाचा स्क्रीनशॉट आदल्या रात्री मागून स्वतः जुळवा. आत जायचं दक्षिणेने, निघायचं उत्तरेने, मागे फिरणं नाही, म्हणून चुकलेल्याने उत्तर दाराबाहेर थांबायचं हे आधीच ठरवा. ७२ हेक्टरचा पसारा तीन तासांत सरळ रेषेत चालला तर होतो. मुख्य दालनाच्या छपराच्या कोपऱ्यावर ओळीने बसलेले प्राणी मोजा: तिथे दहा आहेत, एवढे दुसऱ्या कुठल्याही छपरावर नाहीत. अंगणांतले मोठे धातूचे हंडे आग विझवायच्या पाण्याचे होते. थंडीत पाणी गोठू नये म्हणून त्यांच्याखाली जाळ करत. शेजारच्या तिआनानमेन चौकालाही आधी नोंदणी लागते. तिथे कुठलाही झेंडा, फलक किंवा उपरण्यावरची घोषणा उघडू नका, अगदी फोटोपुरतीही नाही. दलाई लामांचा फोटो किंवा पुस्तक सामानातच नको.

भिंतीसाठी पत्रकात ‘बादालिंग’ असेल तर ‘म्युतिआन्यू’ करून मागा. बीजिंगपासून साधारण ७० किलोमीटर, गर्दी कमी, आणि वर जायला केबलकार. पायऱ्या एका मापाच्या नाहीत. एक वीतभर, तर पुढची गुडघ्याएवढी, त्यामुळे उतरताना गुडघे बोलतात. केबलकार चौदाव्या बुरुजापाशी सोडते, तिथून वाटेल तेवढं चालून परतता येतं. घसरगाडी आणि खुर्चीची लिफ्ट सहाव्या बुरुजाकडे आहे, त्यांची आणि केबलकारची तिकिटं वेगळी. एकीने चढून दुसरीने उतरायचं असेल तर तसं आधी सांगा. लामा मंदिर, योंगह, पाहिलंच पाहिजे. राजपुत्राचा वाडा १७४४ मध्ये मंदिर झाला. शेवटच्या दालनात एका चंदनाच्या खोडातून कोरलेला मैत्रेय आहे, १८ मीटर जमिनीवर आणि ८ मीटर जमिनीखाली. अगरबत्ती दारात फुकट मिळते, म्हणून बाहेरच्या गल्लीत महागडी घेऊ नका.

बीजिंगहून शीआनला विमान नको, वेगाची रेल्वे मागा. साधारण १,२०० किलोमीटर, साडेचार ते सहा तास, आणि पासपोर्ट हेच तिकीट. चाकू आणि अडकित्ता पिशवीत नको, स्टेशनवर काढून घेतात. विमानातल्या अडचणीचं कारण पॉवरबँक. जून २०२५ पासून चीनच्या देशांतर्गत विमानांत ३सी (चीनच्या सुरक्षा प्रमाणपत्राची) खूण नसलेली पॉवरबँक चालत नाही, आणि आपल्याकडे विकत घेतलेल्या बहुतेकांवर ती खूण नसते. रेल्वेचा आणखी एक फायदा म्हणजे वाटेत लागणारं शिज्याझ्वांग. १९३८ मध्ये भारतातून गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. कोटणीस १९४२ मध्ये तिकडेच वारले, त्यांची समाधी शिज्याझ्वांगच्या हुतात्मा स्मशानभूमीत आहे. कुठल्याही पत्रकात हा थांबा नसतो. सकाळच्या गाडीने उतरून दुपारच्या गाडीने पुढे जाता येतं. गट दहाचा असला तर एजंट सहसा ऐकतो.

शीआनजवळची मातीची सेना मार्च १९७४ मध्ये विहीर खोदणाऱ्या शेतकऱ्यांना सापडली. पहिला खड्डा २३० मीटर लांब, ६२ मीटर रुंद. समोरच्या कठड्याला सगळे चिकटतात. तिथे न थांबता बाजूने मागच्या टोकाला जा, फुटलेल्या सैनिकांची जोडणी तिथे चालते. पाय भरीव, धड पोकळ, मातीच्या वळकट्या एकावर एक रचून केलेलं, डोकं वेगळं घडवून बसवलेलं: कुंभारवाड्यात वाढलेल्या माणसाला हे काम पटकन कळेल. गुडघा टेकलेल्या धनुर्धराच्या जोड्याचा तळवा नक्की बघा. टाचेला आणि चवड्याला टाके दाट, मधे विरळ. हे सैनिक मुळात रंगीत होते. जमिनीतून निघून कोरडी हवा लागली की रंगाखालचा लाखेचा थर काही मिनिटांत सुरकुततो आणि रंग गळून पडतो. तिकीट १२० युआनचं, त्यातच कांस्याच्या दोन रथांचं नवं संग्रहालय येतं, पण ते थोडं दूर आहे, फुकटच्या बसने जावं लागतं. गटांना तिथे नेत नाहीत, कारण तो वेळ वाटेतल्या ‘मातीच्या सैनिकांच्या कारखान्या’ला दिलेला असतो. तो कारखाना म्हणजे दुकान.

मोठा जंगली हंस पॅगोडा युआन श्वांगचा. इ.स. ६४५ मध्ये तो भारतातून ६५७ ग्रंथ घेऊन परतला आणि ते ठेवायला ६५२ मध्ये हा मनोरा उठला. आज सात मजले, ६४ मीटर. वर चढायचं तिकीट वेगळं, जिना अरुंद, दमा असलेल्याने खालीच बसावं. शहराभोवतीचा तट जवळजवळ १४ किलोमीटरचा, सायकल भाड्याने मिळते. तो बघताना गाविलगडापेक्षा गावातली गढी आठवावी, कारण आत माती आहे, थराथराने धुमसाने ठोकलेली, बाहेरून विटा.

जेवणाचे तीन गुण शीआनमुळे. गटाच्या जेवणात रोज तेच सहा पदार्थ गोल टेबलावर फिरतात, तिखट नाही, आणि ‘भाजी’ म्हणून आलेल्या वांग्यात डुकराच्या मांसाचा चुरा निघू शकतो. ‘वो छ्र सू’, मी शाकाहारी, हे वाक्य चिनी अक्षरांत मोबाइलवर ठेवून दाखवा. पुरेसं नसतं, कारण परतायला चरबी वापरतात. बिनघोर खायचं तर मंदिरांच्या आवारातली शाकाहारी भोजनालयं शोधा, तिथे कांदा-लसूणही नसतो. शीआनचा ल्यांगपी हा पदार्थ मात्र आपल्या माणसासाठीच आहे. कुरोड्यांसाठी काढतो तसाच गव्हाचा चीक काढतात, फक्त गहू भिजत न घालता कणकेचा गोळा पाण्यात धुऊन. चीक निवळला की पातळ थर वाफवून पट्ट्या कापतात आणि वर लाल मिरचीचं तेल, व्हिनेगर, काकडी. सावजी खाणाऱ्याला तेल जादा मागायला काही हरकत नाही. चिवडा, ठेचा, शेंगदाण्याची चटणी घरून न्या. उकळतं पाणी स्टेशनवर आणि हॉटेलात फुकट मिळतं, म्हणून थर्मास हवाच.

पैशाचं: यूपीआयवर विसंबू नका. अलीपे हे ॲप भारतातच उतरवून त्यात व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा, कारण ओटीपी आपल्याच सिमवर येतो. २०० युआनपर्यंतच्या खरेदीला जादा आकार नाही, त्यावर ३ टक्के. चिनी वायफायवर गूगल, व्हॉट्सअॅप चालत नाही. भारतीय सिमचं रोमिंग असेल तर चालतं. खर्रा तिकडे मिळणार नाही आणि मंदिराच्या अंगणात पिचकारीला जागाही नाही, सवय असलेल्याने आठ दिवस आधीपासून कमी करावा.

तारखा ठरवताना १ ते ७ ऑक्टोबर आणि मेचा पहिला आठवडा टाळा, अख्खा चीन तेव्हा फिरायला निघतो. तसंही ऑक्टोबरात सोयाबीन काढणी. एप्रिलच्या सुरुवातीला त्यांची पितरांची सुटी असते. उरला १५ ते २८ एप्रिल: इकडे चौदा एप्रिल साजरी झालेली, कापूस विकलेला, गहू घरात, आणि तिकडे लुओयांगला पिओनीची फुलं बहरात, हवा आपल्या डिसेंबरासारखी.

पत्रकात ‘सर्व प्रवेश तिकिटे समाविष्ट’ हे उपकारासारखं लिहिलेलं असतं. वरची मुख्य तिकिटं, शाओलिन धरून, ५०० युआनच्या आत बसतात, म्हणजे साडेसहा हजार रुपयांच्या आत. खरा पैसा वेळेचा आहे. जेड, रेशीम, चहा, मोती अशा चार थांब्यांत प्रत्येकी दीड तास गेला तर सहा तास गेले. पैसे भरण्याआधी एजंटकडून पाच गोष्टी लिहून घ्या: दुकानांचे थांबे किती, लुओयांगला रात्री किती, लाँगमेनला किती वाजता, स्वर्गमंदिराचं तिकीट कोणतं, आणि बीजिंग–शीआन रेल्वेने की विमानाने. पहिल्याच प्रश्नाला ‘ते तिथे गेल्यावर बघू’ असं उत्तर आलं तर दुसरं दुकान बघा.